वर्गात तीस टॅब्लेट : नऊ महिन्यांनंतर

मी नववीला गणित शिकवते. आमच्या वर्गात टॅब्लेट येऊन नऊ महिने झाले. घ्यावेत का, असं कुणी विचारलं की मी आधी आलेखाच्या तासाचा प्रसंग सांगते.

रेषीय समीकरणं चालू होती. एरवी मी फळ्यावर चार-पाच रेषा काढते आणि मुलं त्या वहीत उतरवून घेतात. या वेळी जिओजेब्रा हे आलेख काढायचं ॲप उघडून दिलं. वाय बरोबर एमएक्स अधिक सी, आणि एम व सी बदलायला दोन स्लायडर. शेवटच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी एमचा स्लायडर हळूहळू शून्याकडे नेत होती. रेषा आडवी झाली, मग शून्य ओलांडल्यावर दुसऱ्या बाजूला कलली. "बाई, ही एकाच बिंदूभोवती फिरतेय!" तो बिंदू वाय अक्षावर सी जिथे आहे तिथला, हेही तिनंच शोधलं.

दुसरा मोठा फायदा म्हणजे सगळ्यांची उत्तरं एकाच वेळी दिसतात. ९ आणि १६ च्या बेरजेचं वर्गमूळ विचारलं, तर अकरा जणांनी ७ लिहिलं. दोन्ही वर्गमुळं वेगवेगळी काढून बेरीज केलेली! वह्या तपासताना हे मला दोन दिवसांनी कळलं असतं. तास तिथेच थांबवून पुन्हा समजावलं.

आता त्रास. पहिला महिना वाय-फायनं खाल्ला. तीसही टॅब्लेट वाय-फायच्या एकाच लहरपट्ट्यावर, २.४ गिगाहर्ट्‌झवर होते आणि त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. शेजारच्या वर्गांची नेटवर्कंही तिथेच. ५ गिगाहर्ट्‌झवर गेल्यावर आणि अपडेट शाळा सुटल्यावरच्या वेळेला लावल्यावर सुटका झाली. व्हिडिओ आता आधीच उतरवून ठेवते. मुलं दुसऱ्या ॲपमध्ये जायची, ते स्क्रीन पिन केल्यावर, म्हणजे एकच ॲप उघडं राहील असं लावल्यावर, बरंच थांबलं.

टॅब्लेटपेक्षा चार्जिंगच्या वायरी लवकर गेल्या. प्रत्येक टॅब्लेटवर आणि कपाटातल्या त्याच्या खणावर एकच नंबर चिकटवा. कुठला चार्जिंगला लावायचा राहिला, ते लगेच दिसतं.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. बोटानं पायऱ्या मांडताना मुलं मधल्या पायऱ्या गाळतात आणि चूक नेमकी तिथेच दडते. म्हणून टॅब्लेट वीस मिनिटं, उरलेला वेळ वही आणि आलेखकागद. स्लायडरवर पाहिलेली रेषा पट्टी-पेन्सिलनं काढायचीच. शिक्षकाच्या प्रत्यक्ष शिकवण्याची जागा तंत्रज्ञानानं घेऊ नये, असं युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालातही म्हटलं आहे. मला ते मनापासून पटतं.

घ्यायचेच असतील तर वर्गाच्या पटापेक्षा दोन-तीन जास्त घ्या. बंद पडलेला टॅब्लेट हातात घेऊन बसलेलं मूल तासभर मागे पडतं, आणि मला ते दोनदा बघावं लागलं आहे.