एप्रिलच्या सुट्टीत सहकुटुंब परदेश: श्रीलंका की व्हिएतनाम?

जपानची चेरीची फुलं बहरतात तेव्हा आपल्या मुलांच्या परीक्षा चालू असतात आणि युरोपचा हिशेब पाच माणसांनी गुणला की कागद बाजूला ठेवावा लागतो. त्यामुळे एप्रिल-मे साठी आमच्या घरात शेवटी दोनच नावं उरली. गेल्या दोन वर्षांत आम्ही दोन्ही देश केले. सोबत आई (वय 72, गुडघे दुखरे), आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि पंधरा वर्षांचा भाचा. पुढचं सगळं या पाच जणांना काय झेपलं आणि काय नाही, यावरून लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. हातात सात-आठ दिवस आणि सोबत आजी-आजोबा किंवा अगदी लहान मूल असेल तर श्रीलंका. दहा दिवस मिळत असतील आणि घरातले सगळे न कुरकुरता चालणारे असतील तर व्हिएतनाम. कुठला देश जास्त सुंदर आहे यावरून मी हे म्हणत नाही. घरातल्या सगळ्यात थकणाऱ्या माणसाला रोज किती हलवावं लागतं, यावरून म्हणते आहे.

आधी कॅलेंडर उघडा

श्रीलंकेत 13-14 एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं. सूर्य मीनेतून मेषेत जातो तो हा काळ, म्हणजे आपल्या पाडव्याचा जवळचा नातेवाईकच. दोन्ही वर्षांच्या मधल्या काही घटका कुणी काम करत नाही, मग मुहूर्तावर चूल पेटते आणि नारळाच्या दुधातला भात, किरीबत, शिजतो. कुणा घरी बोलावणं आलं तर अवश्य जा. तांदळाचं पीठ आणि किथुल माडाच्या काकवीचे कवुम खाताना आईला अनारशांची आठवण झाली. पण ज्यांना फक्त फिरायचंय त्यांच्यासाठी हे दिवस अवघड असतात. दुकानं बंद, गाड्यांचे चालक गावी गेलेले, आणि कोलंबोतली निम्मी माणसं थंडाव्यासाठी नुवारा एलियाला. तिथे एप्रिलभर हंगाम असतो, हॉटेलांचे दर चढतात. म्हणून नववर्षाचा आठवडा टाळून 18-20 एप्रिलनंतर निघा.

व्हिएतनाममध्ये जपायची तारीख 30 एप्रिल. 1975 साली याच दिवशी युद्ध संपलं, त्याची सुट्टी आणि लगेच 1 मे. देशांतर्गत विमानं आणि समुद्रकिनारे तुडुंब भरतात. आम्ही 26 तारखेला परत निघालो, तेव्हा विमानतळावर गर्दी जमायला लागलेलीच होती.

हवा दोन्हीकडे गरम. श्रीलंकेच्या सखल भागात एप्रिल हा सगळ्यात तापलेल्या महिन्यांपैकी एक, दुपारनंतर वळवासारखी सर येते. मात्र तीन-चार तास गाडीने डोंगर चढलात की नुवारा एलिया 1,868 मीटरवर आहे, रात्री स्वेटर लागतो. दक्षिण किनाऱ्याचा समुद्र एप्रिलमध्ये बहुतेक शांत असतो. मे सरत आला की तिथे मोसमी पाऊस येतो, मग मेअखेरच्या सुट्टीसाठी पूर्वेचा त्रिंकोमाली किनारा बरा. व्हिएतनाममध्ये एप्रिलसाठी मधला पट्टा, म्हणजे दा नांग, होई आन आणि हुए, सगळ्यात चांगला: कोरडा, पोहण्याजोगा. उत्तरेला हनोईत हवा दमट आणि धुकट असते. ‘हा लाँग’ उपसागराच्या फोटोंतलं निळंशार पाणी आम्हाला दिसलं नाही, राखाडी पाण्यातून उभे राहिलेले चुनखडीचे सुळके दिसले, आणि मला ते तसेच आवडले. दक्षिणेत हो ची मिन्ह शहरात मात्र एप्रिलचा उकाडा आपल्या मुंबईला मागे टाकतो. पहिल्याच खेपेला दक्षिण घेऊ नका.

रोज किती बॅगा भरायच्या

मुंबई ते कोलंबो अडीच तास, घड्याळ बदलायचं नाही. मुंबई ते हनोई किंवा हो ची मिन्ह थेट विमानाने पाच तासांच्या आसपास, घड्याळ दीड तास पुढे. हा फरक फारसा नाही. खरा फरक तिथे उतरल्यावर कळतो.

श्रीलंकेची लांबी साधारण 430 किलोमीटर. चालकासकट व्हॅन घ्यायची, तोच माणूस आठ दिवस सोबत, बॅगा गाडीत, वाटेत शहाळं, आईला पाय मोकळे करायला कुठेही थांबा. अंतरं कमी दिसली तरी घाटात वेळ जातो. कँडी ते नुवारा एलिया ऐंशीएक किलोमीटरही नाही, पण अडीच-तीन तास धरा. मुलीला गाडी लागते, तिच्यासाठी लिंबू आणि गोळ्या जवळ ठेवल्या.

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण साडेसोळाशे किलोमीटर पसरलेला आहे. हनोई पाहून होई आनला जायचं तर मध्ये विमान लागतंच. ते सव्वा तासाचं असलं तरी हॉटेल सोडणं, विमानतळ, तपासणी, पुन्हा गाडी यात अख्खा दिवस गेला. आमच्या सहलीत असे दोन दिवस गेले आणि आई खरी दमली ती त्याच दिवसांत. शहरात फिरणं मात्र व्हिएतनाममध्ये फार सोपं आहे. ग्रॅब या अ‍ॅपवर गाडी मागवायची, भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही. हनोईच्या जुन्या भागात रस्ता ओलांडणं हे वेगळं कौशल्य आहे: न पळता, न थांबता, संथ चालत राहायचं, स्कूटर आपोआप बाजूने जातात. आईने दुसऱ्या दिवसापासून भाच्याचा हात सोडला नाही.

पानात काय पडतं

घरात शाकाहारी माणूस असेल तर हा भाग नीट वाचा, कारण आमच्याकडे निम्मा निर्णय इथेच झाला असता.

श्रीलंकेचं जेवण कोकणातल्या माणसाला परकं वाटतच नाही. भात, नारळाच्या दुधातली मसूर डाळ, कोवळ्या फणसाची भाजी (तिथे पोलोस म्हणतात), वांग्याचं मोजू, मंडूकपर्णीच्या पाल्याची खोबरं घातलेली कोशिंबीर. आंबटपणासाठी गोरका वापरतात, तो आपल्या कोकमाच्याच कुळातला. सकाळी तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, म्हणजे इंडिआप्पा, आणि आप्पे नव्हे, आप्पम. एकच सावधगिरी: खोबऱ्याच्या पोल संबोलमध्ये आणि पुष्कळदा साध्या भाजीतही उंबलकड घालतात. ही वाळवलेल्या माशाची चुरी, दिसत नाही, पण असते. ‘उंबलकड नको’ एवढे शब्द पाठ करून जा.

व्हिएतनाममध्ये हेच काम नुओक माम करतो, माशाचा आंबवलेला रस्सा. परतलेल्या पालेभाजीतही तो असतो, आणि ‘मांस नको’ म्हटल्यावर तो वगळला जातोच असं नाही. यावर उतारा एका शब्दात आहे: चाय. व्हिएतनामी भाषेत त्याचा अर्थ शाकाहारी. दारावर हा शब्द लिहिलेली साधी खानावळ प्रत्येक शहरात सापडते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथे स्थानिकांचीही गर्दी होते, कारण बरेच बौद्ध लोक त्या दिवशी शाकाहार पाळतात. टोफू, अळंबी, केळफूल, भाताचे पातळ पापड गुंडाळलेले रोल. मला हे जेवण फार आवडलं, मुलीलाही. आईचं मात्र तिसऱ्या दिवशी ‘जरा आमटी मिळेल का’ सुरू झालं. हनोई, दा नांग आणि होई आनला भारतीय हॉटेलं आहेत, तिथे तिचं भागलं. आणि हो, उत्तरेत चहाला ‘चा’ म्हणतात. चाय मागितलात तर भाजी येईल.

बघण्यात कोण जड

श्रीलंकेतला सिगिरियाचा खडक दोन्ही सहलींतला आमचा सगळ्यात मोठा दिवस ठरला. पाचव्या शतकात काश्यप राजाने सुमारे 200 मीटर उंच कातळावर राजवाडा बांधला. पायऱ्या सुमारे 1200, अर्ध्यावर भिंतीवर अप्सरांची चित्रं, अजिंठ्याच्या बहिणी शोभतील अशी. तिथे फोटो काढू देत नाहीत, मुलांना आधीच सांगा. रायगड चढलेल्या माणसाला हे अवघड नाही, पण सकाळी दार उघडताच चढायला लागा, नऊनंतर कातळ तापतो. आई वर आली नाही. पायथ्याशी जुन्या जलोद्यानांच्या सावलीत ती दोन तास मजेत बसली आणि नंतर दंबुल्लाच्या लेण्यांत आमच्याआधी पोचली. भारतीयांना सार्क देशांचा सवलतीचा दर मिळतो, पासपोर्ट हातात ठेवा.

लहान मुलांसाठी श्रीलंकेतलंच उडवलवे. तिथे अनाथ हत्तीच्या पिल्लांना दूध पाजतात, आपण लांबून बघायचं, आणि मोठी झालेली पिल्लं पुन्हा जंगलात सोडली जातात. हत्तींना हात लावू देणाऱ्या, त्यांच्यावर बसवणाऱ्या ठिकाणी कृपया मुलांना नेऊ नका.

व्हिएतनाममध्ये याच्या तोडीचं आमच्यासाठी ‘मी सोन’ हे ठिकाण निघालं. होई आनपासून तासाभरावर, डोंगरांनी वेढलेल्या दरीत चाम (म्हणजे चंपा राज्याच्या) राजांनी चौथ्या शतकापासून बांधलेली शिवमंदिरं. 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत त्यातली बरीचशी कोसळली, खड्डे आजही दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे डागडुजी केली आणि 2020 मध्ये खोदताना अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. आईने चप्पल काढून तिथे हात जोडले. विजेवर चालणारी गाडी मंदिरांच्या जवळ नेते, पुढचं चालणं बहुतेक सपाट आहे, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार नाही. भाच्याला मात्र दा नांगजवळच्या ‘बा ना’ टेकडीवरची 5.8 किलोमीटरची केबल कार जास्त भावली. दगडी दिसणाऱ्या दोन प्रचंड हातांवर तोललेला वाटणारा सोनेरी पूल तिथेच आहे. गर्दी खूप, तरी पंधरा वर्षांच्या मुलासाठी तो दिवस ठेवा.

मुलीचा एक वेगळाच आनंद श्रीलंकेत होता. सिंहली आकडे. सातला हत, आठला अट, दहाला दहय. चालकाकाकांकडून शिकून तिने सगळ्या पायऱ्या त्याच भाषेत मोजल्या.

पैसे आणि कागद

हॉटेल आणि रस्त्यावरचं खाणं व्हिएतनाममध्ये स्वस्त आणि दर्जाही चांगला, पण आतली विमानं तो फायदा खाऊन टाकतात. श्रीलंकेत सफारीची जीप आणि प्रवेशतिकिटं जड जातात. पाच माणसांचा आमचा एकूण खर्च श्रीलंकेला कमी झाला, मुख्यतः दोन दिवस कमी होते म्हणून. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी 25 डॉलर, लहान मुलांनाही वेगळा लागतो. फॉर्ममधलं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा आणि सरकारी संकेतस्थळावरूनच भरा. श्रीलंकेचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी पुन्हा एकदा बघा.

श्रीलंका ठरलं तर कँडीहून एलाला जाणारी डोंगरातली रेल्वे हवीच असं सगळे सांगतील. चहाच्या मळ्यांतून जाणारी ही गाडी खरोखर सुंदर आहे, पण पावसात दरडी कोसळून मार्ग बंद पडतो, आणि आरक्षण साधारण महिनाभर आधी उघडून लगेच संपतं. आधी मार्ग पूर्ण चालू आहे का ते विचारा. आईसारखं कुणी सोबत असेल तर सहा-सात तासांची पूर्ण फेरी न करता नानू ओया (नुवारा एलियाजवळचं स्टेशन) ते एला एवढाच तुकडा घ्या. व्हॅन पुढच्या स्टेशनावर बॅगांसकट उभी असते.