जुन्या अॅम्प्लिफायरचं सामान आणि तपकीर गल्ली : काय घ्यावं, काय टाळावं

मारांट्झ, सान्सुई, पायोनियर किंवा आपल्याकडचा सोनोडाइन, कॉस्मिक. सत्तर-ऐंशीच्या दशकातला असा अॅम्प्लिफायर उघडून बसलं की पुण्यात सामानासाठी पावलं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीकडेच वळतात. गल्ली चांगलीच आहे, पण सगळ्याच सामानाला सारखी नाही. रोजच्या वापराच्या वस्तूंसाठी डोळे मिटून जावं. तीन गोष्टी मात्र ‘इक्विव्हॅलेंट आहे, चालतंय’ म्हणून दिल्या तर घेऊ नयेत.

आधी चांगलं. सोल्डर, फ्लक्स, डीसोल्डरिंग वीक, अभ्रकाचे वॉशर, हीट सिंक कंपाउंड, फ्यूज, आरसीए सॉकेट हे सगळं दहा पावलांत मिळतं. फिल्टर कपॅसिटरही मिळतात, पण जाताना व्हर्नियरने जुन्याचा व्यास, उंची आणि पायांमधलं अंतर मोजून कागदावर लिहून न्या. १०,००० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा आजचा कपॅसिटर जुन्यापेक्षा बारीक असतो, त्यामुळे त्याला धरणाऱ्या पट्टीत सैल बसतो. रबराची पट्टी गुंडाळून घट्ट करावा लागतो. १०५ अंश सेल्सिअसचाच मागा. व्होल्टेज मूळ किंवा वरचं चालेल, खालचं कधीच नाही. मायक्रोफॅरड दुप्पट करायचा मोह टाळा. सुरू होतानाचा करंट वाढतो आणि त्याचा मार पॉवर स्विच आणि रेक्टिफायरला बसतो.

आता जपायच्या गोष्टी. पहिली, प्री-अॅम्पचे (सुरुवातीला बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाचे) छोटे ट्रान्झिस्टर. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही एका बाजूने खरखर, मधूनच फुटाणे फुटल्यासारखा आवाज येत असेल तर जुन्या जपानी सेटमध्ये २एससी४५८ किंवा २एसए७२६ वर पहिला संशय घ्या. काउंटरवर त्यांच्या जागी बीसी५४७ आणि बीसी५५७ पुढे केले जातात. पायांचा क्रमच वेगळा आहे. जपानी तुकड्यात मधला पाय कलेक्टरचा, बीसीमध्ये बेसचा. जुन्याच भोकांत तसाच लावला तर ती स्टेज चालणारच नाही. केएससी१८४५ आणि केएसए९९२ हे कमी खरखरीचे (लो-नॉइज) तुकडे त्या जागी नीट बसतात. गल्लीत नाहीत म्हटले तर थांबा, अधिकृत वितरकाकडून मागवा.

दुसरी, आउटपुट ट्रान्झिस्टर. नामांकित छाप मारलेले बनावट तुकडे बाजारात सर्रास फिरतात. मल्टिमीटरवर ते पास होतात, कारण आतली चिप खरी पण लहान असते. आवाज वाढवला की शॉर्ट, आणि जिथे प्रोटेक्शन रिले (बिघाड झाला की स्पीकर तोडणारा स्विच) नाही किंवा चिकटलेला आहे तिथे सगळं डीसी थेट वूफरच्या कॉइलवर. धातूच्या टीओ-३ कवचातल्या जोडीसाठी एमजे२११९४ आणि एमजे२११९३ घ्या, तेही बिलासकट. एका चॅनेलमधला एक उडाला तरी जोडी बदला, आणि सोबतचे एमिटर रेझिस्टर व ड्रायव्हर ट्रान्झिस्टर तपासल्याशिवाय करंट देऊ नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धोक्याची. पॉवर स्विचला समांतर लावलेला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्या जागी ४०० किंवा ६३० व्होल्ट डीसीचा साधा तुकडा दिला जातो. तो मेन्सवर राहण्यासाठी बनलेला नाही, शॉर्ट होऊन पेटू शकतो. अंगावर एक्स२ (मेन्ससाठीच्या कपॅसिटरची खूण) आणि २७५ व्होल्ट एसी छापलेलाच हवा. छाप दिसली नाही तर परत करा.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर इथे तयारही मिळतो आणि मापाने गुंडाळूनही घेता येतो. जपानच्या बाजारासाठीचा सेट १०० व्होल्टचा असतो, ११० चा नाही. २३० ला ११० देणारा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडच्या २४५ व्होल्टवर ११७ देतो. ४० व्होल्टची आतली रेल (डीसी पुरवठा) मग ४७ च्या आसपास जाते, आणि तिथे बसलेला कपॅसिटर ५० व्होल्टचा असतो! २४० ला १०० असाच गुंडाळून घ्या, मध्यम सेटला ३०० व्हीए क्षमतेचा पुरतो. ऑटो (एकाच वाइंडिंगचा) नको, दोन वेगळी वाइंडिंग असलेला सांगा. टर्नटेबलची मोटर ६० हर्ट्झची सिंक्रोनस असेल तर कोणताच ट्रान्सफॉर्मर कामाचा नाही. ३३⅓ ची रेकॉर्ड २७.८ वर फिरेल, पुली बदलावी लागेल.

व्हॉल्यूमच्या खरखरीवर साधा गंज काढायचा स्प्रे मारू नका, कार्बन ट्रॅकसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो.

त्याच फेरीत १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब आणि होल्डर घ्या. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सेट सुरू करताना तो फेजमध्ये सीरिजला लावायचा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता सेटच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं.

गाडी गल्लीत नेऊ नका, मंडई मेट्रो स्थानकावरून चालत जा. गणेशोत्सवाचे दहा दिवस तर सोडूनच द्या.