पेरो आणि नेडर: मतं कुणी खाल्ली?

अमेरिकेच्या १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मतं मिळाली, पण इलेक्टोरल मत (राज्यागणिक ठरणारं आणि शेवटी अध्यक्ष निवडणारं मत) एकही नाही. तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश बिल क्लिंटन यांच्याकडून हरले आणि त्यांची मतं खाल्ल्याचं खापर पेरोंवर फुटलं. मला ते पटत नाही. मतदानोत्तर पाहणीत पेरोंच्या मतदारांचा दुसरा कौल क्लिंटन आणि बुश यांच्यात जवळपास सारखाच विभागलेला दिसला. म्हणजे पेरो नसते तरी क्लिंटन जिंकण्याचीच शक्यता जास्त.

ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांचं २००० मधलं प्रकरण निराळं. देशभरात तीन टक्केसुद्धा मतं नाहीत, पण फ्लोरिडात ९७,४८८. तिथे धाकटे बुश फक्त ५३७ मतांनी पुढे राहिले आणि त्या राज्याच्या २५ इलेक्टोरल मतांवर अध्यक्ष झाले. देशभरात जास्त मतं प्रतिस्पर्धी अल गोर यांना असूनही! नेडरच्या मतदारांचा कल गोर यांच्याकडे होता, त्यामुळे थोडेसे वळले असते तरी पुरलं असतं. अर्थात, फ्लोरिडात पॅट ब्युकॅनन या आणखी एका छोट्या पक्षाच्या उमेदवारालाही ५३७ पेक्षा कितीतरी जास्त मतं पडली होती. त्यांचं नाव मात्र कुणी फारसं घेत नाही.

खेळ बिघडवायला मोठा आकडा लागत नाही. नेमकं राज्य आणि एकाच बाजूची मतं लागतात. पेरोंकडे यातलं काहीच नव्हतं.