आऊट-ऑफ-स्टेट फी भरून वर्ष झालं, पैसे वसूल होतायत का?

आम्ही एडिसन, न्यू जर्सीवाले. आमच्या राज्याची युनिव्हर्सिटी, रटगर्स, घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं, आणि लेक गेली पर्ड्यू युनिव्हर्सिटीला, इंडियाना राज्यात. पुण्याहून आई फोनवर म्हणालीच, काखेत कळसा नि गावाला वळसा. नऊ महिने झालेत, पहिलं वर्ष संपलं, म्हणून हिशोब लिहून टाकतो.

पर्ड्यूची ट्यूशन २०१३ पासून गोठलेली आहे, इंडियानाच्या पोरांना वर्षाला ९,९९२ डॉलर आणि बाहेरच्या राज्यातल्यांना (आऊट-ऑफ-स्टेट) २८,७९४, वर इंजिनिअरिंगची वेगळी फी. हा जवळजवळ तिपटीचा आकडा बघून मी आधी नाहीच म्हणालो होतो, पण आपण कुठे इंडियानात राहतो, आपली तुलना आपल्या राज्याशी, आणि रटगर्सची इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या मुलांची, इंजिनिअरिंगची फीच अठरा-वीस हजारांच्या घरात जाते. म्हणजे खरा फरक दहा-बारा हजार. त्यात पर्ड्यूचं हॉस्टेल-मेस रटगर्सपेक्षा स्वस्त, त्यामुळे पोर रटगर्सलाही हॉस्टेलवरच राहणार असेल तर फरक अजून कमी होतो. घरून जाऊन-येऊन करणार असेल तर मात्र वर्षाला वीस हजारांच्या वर फटका, आणि खरं सांगायचं तर आमची लेक घरून जायला तयार नव्हतीच. मिशिगन युनिव्हर्सिटीलाही नंबर लागला होता, तिथे बाहेरच्यांना नुसती ट्यूशन साठ हजारांच्या वर, ते पत्र बायकोने शांतपणे ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आमची सगळ्यात मोठी चूक म्हणजे मंडळात कोणीतरी सांगितलं की एक वर्ष तिथे राहिली की त्या राज्याची रेसिडेंट होते, पुढची तीन वर्षं दहा हजारात, आणि मी ते धरून चाललो. असं होत नाही हो! आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलांचं राज्य म्हणजे साधारण आईवडिलांचंच राज्य, आणि शिकायला म्हणून तिथे राहिलेलं वर्ष त्यात धरत नाहीत. एक्सेलमध्ये चारही वर्षं पूर्ण फीने गुणा. फेडरल लोनही पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या नावावर साडेपाच हजारच मिळतं, बाकी सगळं आपल्या खिशातून.

न धरलेला खर्च म्हणजे विमान. थँक्सगिव्हिंगचं तिकीट मी उशिरा काढलं, आणि इंडियानापोलिस एअरपोर्टपासून कॅम्पस अजून तासभर लांब. ऑक्टोबरात ती तापाने पडली तेव्हा हिने इथून फोनवर खिचडी सांगितली, हॉस्टेलच्या मायक्रोवेव्हमध्ये जशी होईल तशी झाली.

मिळालं काय? तिला एरोस्पेसच करायचं होतं, नील आर्मस्ट्राँगचं कॉलेज, युनिव्हर्सिटीचा स्वतःचा विमानतळ. पहिलं वर्ष सगळ्या इंजिनिअरिंगवाल्यांना कॉमन, ब्रँच त्यानंतर, तरी पहिल्याच सेममध्ये रॉकेटवाल्या क्लबात घुसली आणि आता सुट्टीत घरी येऊनही त्यांच्याच मीटिंगा चालतात. एरोस्पेस रटगर्सलाही आहे, पण हे वेड तिथे लागलं असतं का, माहीत नाही.

आम्ही दुसऱ्या वर्षाचे पैसे भरतोय. धाकट्याला मात्र अजून काय करायचं तेच ठरलेलं नाही, त्याला सांगून ठेवलंय, रटगर्स, आणि पहिलं वर्ष घरून.