तलावपाळीचा हेरिटेज वॉक, एकदा कराच

रविवारी सकाळी केला, विषय ख्रिस्ती धर्म कसा पसरला. मला वाटायचं आपल्याकडे सगळं पोर्तुगीजांनीच आणलं, पण त्याच्या कितीतरी आधी, 1321 ला आपल्या ठाण्यातच चार फ्रान्सिस्कन (ख्रिस्ती साधूंचा एक संघ) साधू मारले गेले, आणि ते उतरले होते ते इथल्याच नेस्टोरियन (पूर्वेकडचा एक जुना ख्रिस्ती पंथ) माणसाच्या घरी, म्हणजे ख्रिस्ती लोक आधीपासून होतेच की! त्यांच्यासोबत आलेल्या जॉर्डानस नावाच्या साधूने त्यांना सोपाऱ्यात पुरलं, मग ओडोरिक नावाचा फिरस्ता फ्रान्सिस्कन साधू त्यांची हाडं पार चीनला घेऊन गेला, ऐकून गारच पडलो, एवढी वर्षं ठाण्यात राहून पत्ता नाय. रोम, तिथला सम्राट कॉन्स्टंटाइन, 313 ला ख्रिस्ती धर्माला मिळालेली मोकळीक वगैरे दोन मिनिटांत गुंडाळलं. माइक नुसता खरखरत होता, मागच्यांना कायपण ऐकू येत नव्हतं. नंतरचा कटिंग मात्र फक्कड. पैसे वसूल, पुढे उभे रहा फक्त.