कूपन की रोख : सामूहिक दाव्यातील तडजोडीची नोटीस आल्यावर

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनाही ग्राहकांच्या सामूहिक (अनेकांच्या वतीने एकत्र लावलेल्या) दाव्यांतील तडजोडीच्या नोटिसा येतात, आणि अर्ज भरावा, हरकत घ्यावी की दाव्यातून बाहेर पडावे हे ठरावीक मुदतीत ठरवावे लागते. माझ्या मते नोटिशीतला एकूण आकडा बाजूला ठेवावा आणि ग्राहकांच्या हाती खरोखर किती पडते व वकिलांना किती मिळते, एवढेच आधी ताडून पाहावे.

एचपीच्या इंकजेट प्रिंटरांच्या खटल्यात ग्राहकांना काही डॉलरची ई-क्रेडिट मिळणार होती. ती कंपनीच्याच संकेतस्थळावर वापरायची, दुसऱ्याला देता येत नव्हती आणि सहा महिन्यांत बाद होणार होती. जिच्याविरुद्ध तक्रार, तिच्याकडेच पुन्हा खरेदी केल्याशिवाय भरपाई नाही, हे मला अन्यायाचे वाटते, कारण वकिलांना १५ लाख डॉलर रोख मंजूर झाले होते. सामूहिक दाव्यांसाठीच्या २००५ च्या क्लास अ‍ॅक्शन फेअरनेस अ‍ॅक्टनुसार कूपनांपोटीची फी प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या कूपनांच्या मूल्यावर ठरते, असे सांगत नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडील राज्यांच्या न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने २०१३ मध्ये तो आदेश रद्द केला.

तरीही प्रत्येक कूपन वाईट नसते. साउथवेस्ट एअरलाइन्सच्या खटल्यात प्रवाशांना पेयाच्या बाद ठरवलेल्या व्हाउचरऐवजी तसेच व्हाउचर मिळणार होते, म्हणजे गेले तेच परत येत होते. तेथे सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये कामाच्या तासांवर आधारलेली फीही चालेल असे ठरवले.

रोख रकमेची तडजोडही डोळे झाकून स्वीकारू नये. ग्लुकोसामाइन गोळ्यांच्या खटल्यात खरेदीदार सुमारे १ कोटी २० लाख होते, पण अर्ज ३०,२४५ जणांचेच आले. त्यांच्या वाट्याला ८,६५,२८४ डॉलर, तर वकिलांना १९ लाखांहून अधिक. सातव्या सर्किटने २०१४ मध्ये ही तडजोड फेटाळली.

रक्कम लहान असेल तर बाहेर पडून स्वतंत्र दावा लावणे सहसा परवडत नाही. अर्ज मात्र जरूर भरावा, आणि फी अवाजवी वाटल्यास हरकतही नोंदवावी, कारण हरकत घेणारा दाव्याचा सदस्य राहतोच. नवव्या सर्किटच्या हद्दीत वकिलांचा फीचा अर्ज हरकतीच्या मुदतीपूर्वी दाखल व्हावा लागतो. तो मागवून वाचावा.