घरी मुलांना संगीत आणि इतिहास शिकवताना: कोणतं मोफत साधन कशासाठी?

संगीताचा तास बऱ्याच शाळांत नावापुरता उरला आहे आणि इतिहास म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचं पाठांतर. म्हणून साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत कितीतरी आईवडील हे दोन विषय घरीच घ्यायला बघतात. इंटरनेट उघडलं की मात्र गोंधळ उडतो, कारण मोफत साधनं ढीगभर आहेत आणि प्रत्येक जण आपलंच चांगलं म्हणतो.

निवडताना मी दोन विषयांना दोन वेगळ्या कसोट्या लावते. संगीताचं साधन मराठी नसलं तरी चालतं, पण त्यातला सूर आणि ताल आपल्या संगीताच्या किती जवळ जातो हे बघावं लागतं. इतिहासाचं साधन मात्र निदान दहा-अकरा वर्षांपर्यंत मराठीतच हवं, आणि ते जे सांगतं ते कशावरून सांगतं हे त्यात दिसायला हवं. जी साधनं या कसोट्यांना उतरतात ती आधी, बाकीची नंतर.

संगीत: करून बघायचं की ऐकायचं?

करून बघण्यासाठी गूगलच्या क्रोम म्युझिक लॅबइतकं चांगलं मोफत साधन मला दुसरं दिसत नाही. २०१६ पासून ते आहे. खातं उघडायचं नाही, ॲप घ्यायचं नाही, मध्ये जाहिरात येत नाही. ब्राउझरमध्ये उघडलं की सुरू. त्यातला साँग मेकर हा भाग आपल्या कामाचा. चौकोनांच्या जाळीवर बोट ठेवलं की स्वर वाजतो आणि प्रत्येक स्वराचा रंग वेगळा असतो.

सेटिंगमध्ये जाऊन पेंटाटॉनिक स्केल निवडा. जाळीत पाचच स्वर उरतात: सा रे ग प ध. म्हणजे भूप रागाचे स्वर. राग नुसत्या स्वरांनी होत नाही, त्याला चलन, म्हणजे स्वरांत फिरण्याची ठरावीक रीत लागते, हे खरंच. पण सहा-सात वर्षांचं मूल जाळीवर मनाला येईल तिथं बोट ठेवतं आणि तरीही ऐकायला गोड लागतं, तेव्हा पाच स्वरांचं एक घर असतं हे त्याला न सांगता कळतं. मग तुम्ही भूपातली सरगम म्हणा आणि तिचे स्वर त्याला जाळीवर शोधू द्या. खरा अभ्यास इथं सुरू होतो.

तालासाठीही हीच जाळी चालते. तिची मूळ मांडणी चार बारांची आणि बारात चार ठोके, म्हणजे सोळा मात्रा. तीनतालाचं एक आवर्तन त्यात बरोबर बसतं. खालच्या ठोक्यांच्या ओळीत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर ठोका ठेवा आणि नववी रिकामी सोडा. प्रत्येक मात्रेला दोन घरं असतात, त्यातलं पहिलंच वापरायचं. सम (पहिली मात्रा), टाळी आणि खाली (रिकामी सोडलेली मात्रा) मुलाला डोळ्यांनी दिसते, कानांनी ऐकू येते आणि आवर्तन फिरून समेवर आलं की ते आपोआप मान हलवतं. सुरुवातीचा स्वरही बदलता येतो. आपोआप येतो तो सी, म्हणजे पेटीवरची पांढरी एक. तुमचं मूल काळी चारमध्ये गात असेल तर जी शार्प निवडा.

आता त्याची मर्यादा. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, कण (स्वराला लागून येणारा दुसऱ्या स्वराचा हलका स्पर्श) नाही, मागं तानपुरा नाही. सगळे स्वर कीबोर्डसारख्या समान अंतरांवर बसवलेले आहेत. तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या सा च्या) तारेतून जो गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो त्याच्यापेक्षा यातला गंधार किंचित चढा असतो. पेटीबद्दल जाणकार हीच तक्रार करत आले आहेत. तेव्हा ताल, स्वरांची ओळख आणि स्वतः चाल रचण्याची मजा यासाठी हे घ्या. गळा त्याच्यावर लावू नका.

गळा लावायला तानपुऱ्याचं मोफत ॲप पुरतं. असली ॲप खूप आहेत आणि बहुतेकांत जाहिराती असतात. ज्याचा तानपुरा नेट बंद करूनही वाजतो ते निवडा, आणि रियाजाच्या वेळी मोबाईल एअरप्लेन मोडवर ठेवा.

ऐकण्यासाठी माझी पहिली पसंती आकाशवाणीच्या 'रागम' वाहिनीला. २६ जानेवारी २०१६ पासून ती चोवीस तास शास्त्रीय संगीत देते, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही, आणि न्यूज ऑन एअर ॲपवर फुकट ऐकता येते. तिथं काय लागेल हे आपल्या हातात नसतं, आणि मला हाच तिचा गुण वाटतो. यूट्यूबवर एक गाणं संपलं की पुढचं आपल्या आधीच्या आवडीनिवडीवरून येतं आणि मूल एकाच प्रकारच्या गाण्यात फिरत राहतं. रागमवर निवेदक रागाचं आणि कलाकाराचं नाव सांगतो आणि कधी सरोद, कधी धृपद, कधी नागस्वरम कानावर पडतं. शिवाय स्क्रीनकडे बघायची गरज नाही. मूल चित्र काढता काढता ऐकतं. आवाजाला नेटही कमी लागतं: ६४ केबीपीएसचा प्रवाह तासाला साधारण २९ एमबी खातो, व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट.

एखादा ठरावीक राग शोधायचा असेल तर रागम उपयोगाची नाही. तेव्हा कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीच्या संकेतस्थळावर जावं. तिथं रागांचे नमुने ऐकता येतात आणि कोणता राग कोणत्या प्रहराचा हेही कळतं. मजकूर इंग्रजीत आहे, पण आईवडिलांनी एकदा वाचून सांगितलं की झालं. राजन पर्रीकर यांचं संगीत संग्रहाचं संकेतस्थळ त्याहून खोल आहे. एकेका रागावर सविस्तर लेख आणि त्यात जागोजागी ध्वनिमुद्रणं. ते मुलांसाठी नाही. ज्या घरात आई किंवा बाबा स्वतः शिकताहेत त्यांच्यासाठी ते सोनं आहे.

मिरजेच्या आसपासच्या लोकांनी आणखी एक करावं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब (१८७२–१९३७) मिरजेत राहिले, मिरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथल्या उरुसात दरवर्षी गाण्याच्या मैफली होतात. त्यांची मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर ऐकायला मिळतात. एकेक तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची, म्हणजे लहान मुलाच्या धीराला झेपेल एवढी. ती घरी ऐकवा आणि मग मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत घेऊन जा. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्यापासून तानपुरा कसा होतो हे जवळून बघायला मिळणं भाग्याचं आहे. कुठलंही संकेतस्थळ त्याच्या जवळपास येत नाही.

पाश्चात्त्य संगीत, कीबोर्ड किंवा गिटार शिकणाऱ्यांना म्युझिकथिअरी डॉट नेट पुरेसं आहे. स्टाफवरचे, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले, स्वर ओळखायचे सराव चांगले आहेत. क्लासिक्स फॉर किड्स हा संगीतकारांवरचा छोटा कार्यक्रमही छान, पण इंग्रजी कानाला सरावलेलं हवं.

बेसूर लागलं तर थांबवणारं कोणी यात नाही. आठवड्यातून एकदा का होईना, गल्लीतल्या गाण्याच्या बाईंकडे किंवा भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांकडे मुलाला पाठवावंच.

इतिहास: गोष्ट, नोंद आणि पुरावा

इतिहासात मी पहिला क्रमांक बालभारतीला देते आणि त्यावर ठाम आहे. सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही. आपलं मूल ज्या इयत्तेत आहे तिथंच थांबायची सक्ती नाही. तिसरीतल्या मुलाला शिवाजी महाराजांची गोडी लागली तर पुढच्या इयत्तेचं पुस्तक आजच उघडावं. भाषा सोपी, क्रम नीट, नकाशे भरवशाचे. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपकडे नेतात. ते २०१७ पासून आहे आणि तेही फुकट. तिथल्या चित्रफितींची प्रत मात्र सारखी नाही. काही सुंदर, काही म्हणजे फळ्यासमोरचं भाषण. आधी स्वतः बघून दोन-तीन निवडून ठेवाव्यात.

बालभारतीची मर्यादा अशी की पुस्तक निकाल सांगतं, तपास सांगत नाही. मूल विचारतं, "हे कुणी बघितलं होतं?" तेव्हा पुस्तकात उत्तर नसतं. पुढची साधनं या प्रश्नासाठी आहेत.

मराठी विश्वकोश हे त्यातलं पहिलं, आणि तो तर आपल्या वाईत घडलेला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ चा. आता सगळे खंड ऑनलाइन मोफत वाचता येतात. भाषा जड आहे, दहा वर्षांच्या मुलाला एकट्यानं झेपणार नाही. पण नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथ असतात आणि लिहिणाऱ्याचं नाव असतं. ही सवय मुलाला लागावी म्हणून मी विश्वकोश मराठी विकिपीडियाच्या वर ठेवते. विकिपीडिया चटकन तारीख बघायला ठीक, पण तिथल्या बऱ्याच मराठी लेखांना आधार दिलेला नसतो.

यूट्यूबवरचे इतिहासकथनाचे व्हिडिओ मुलांना सगळ्यांत जास्त आवडतात आणि तिथंच सगळ्यांत जास्त सावध राहावं लागतं. अफजलखानाच्या भेटीत कोण काय बोललं, याचे शब्दन् शब्द संवाद ऐकवणारा माणूस ते कुठून आणतो? राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली सभासदाची बखर, समकालीन पत्रं, परकीयांच्या नोंदी, यातलं एखादं नाव तो घेतो का? घेत असेल तर बघू द्या. पूर्ण व्हिडिओत एकदाही घेत नसेल तर ती गोष्ट म्हणून ऐकवा, इतिहास म्हणून नको.

पुरावा म्हणजे काय हे शिकवायला साताऱ्याच्या मुलांना वाघनखांइतकं चांगलं उदाहरण नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली आणि अनेक मुलांनी ती डोळ्यांनी पाहिली. आता त्याच म्युझियमच्या संकेतस्थळावर त्यांची नोंद उघडा. ती मोफत आहे. ती साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे होती, त्यांच्या पेटीवर महाराजांचं नाव लिहिलेलं होतं, हे तिथं वाचायला मिळतं. आणि भेटीत वापरलेली वाघनखं हीच का, याची खात्री करता येत नाही, हेही म्युझियम स्वतःच स्पष्ट सांगतं. १० नोव्हेंबर १६५९ ची भेट आणि प्रतापगडाचं युद्ध ही पक्की घटना. ही वस्तू तीच का, हा वेगळा प्रश्न. हा फरक मुलाच्या मनात बसला तर पुढं त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. त्यानं महाराजांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही, हे मुलाला आवर्जून सांगावं.

गावाचा इतिहास शोधायचा तर १८८५ चं सातारा गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, इंटरनेटवर फुकट आहे. इंग्रजी आहे आणि राज्यकर्त्यांच्या नजरेतून लिहिलेलं आहे, म्हणून ते मोठ्यांनी वाचून सांगायचं. पण गावांच्या प्रकरणात आपल्या गावाचं नाव सापडलं की मुलाचे डोळे चमकतात. त्यात तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके साताऱ्यातच दिसतात. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळालं. हे कळलं की क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला साताऱ्याचं का म्हणतात आणि त्यातलं कुंडल आज सांगलीत कसं, याचा उलगडा होतो.

इंडियन कल्चर हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ चित्रं, दुर्मिळ पुस्तकं, किल्ले यांसाठी चांगलं, सातवी-आठवीपासून पुढं. खान अकॅडमी गणितासाठी जितकी उपयोगाची तितकी आपल्या इतिहासासाठी नाही. मराठ्यांचा इतिहास तिथं शोधू नका. जगाच्या इतिहासासाठी मोठ्या मुलांना द्या.

घरात एकच मोबाईल आणि संध्याकाळचा अर्धा तास असेल तर माझी निवड अशी. आठ वर्षांखालच्या मुलाला रागम आणि साँग मेकर, इतिहासाला बालभारतीचं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचं, व्हिडिओ नाहीत. आठ ते बारा वयाला तानपुऱ्याचं ॲप आणि शिक्षक, सोबत बालभारती आणि वादाचा प्रश्न आला की विश्वकोश. बारानंतर गॅझेटियर आणि संग्रहालयांची संकेतस्थळं त्याच्या हातात द्या.

दोन्ही विषय एकदम घ्यायची सोय सांगलीकरांना घरातच आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं आणि बालगंधर्वांचं नागठाणे याच जिल्ह्यातलं. विश्वकोशातली भाव्यांची नोंद वाचायची, बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि त्यातल्या एखाद्या पदाचा ताल साँग मेकरच्या जाळीवर मांडून बघायचा. चौथी-पाचवीतल्या मुलाला एवढ्यावर एक आठवडा सहज पुरतो.